न्यू फॉरेस्टमध्ये पोरं आणि आजी, दोघांना घेऊन चालायचं असेल तर

पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या सासूबाईंनी चौफेर बघितलं आणि विचारलं, "अगं, जंगल कुठाय?" प्रश्न अगदी बरोबर होता, कारण समोर नुसता माळ होता, जांभळट झुडपं, मध्ये मध्ये पिवळी काटेरी गॉर्स, आणि लांब कुठेतरी झाडांची काळी रेघ. इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशरमधलं हे न्यू फॉरेस्ट, नावात फॉरेस्ट आहे पण निम्माअधिक भाग मोकळाच. जुन्या काळी 'फॉरेस्ट' म्हणजे झाडी नाही, राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख. १०७९ मध्ये पहिल्या विल्यमने तो राखून ठेवला, तेव्हा ते 'न्यू' होतं, आता साडेनऊशे वर्षं होत आली तरी नाव तेच. २००५ मध्ये नॅशनल पार्क झालं. आपल्याकडे देवाच्या धाकाने देवराई टिकली, इथे राजाच्या धाकाने टिकली असं म्हणायला हरकत नाही.

लंडन, रेडिंग, स्लाव या पट्ट्यात राहणारी बरीच मराठी मंडळी उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की कुठे न्यायचं या विवंचनेत असतात, लेक डिस्ट्रिक्ट लांब पडतं, लंडन बघून पाय दुखतात. हे लिहितेय ते त्यांच्यासाठी, म्हणजे सोबत चार वर्षांचं एक, नऊ वर्षांचं एक आणि गुडघे दुखणारं एक माणूस असेल तर काय करायचं ते. आम्ही आतापर्यंत बऱ्याच वेळा गेलोय आणि चुका पण सगळ्या करून झाल्यात.

आधी महिना ठरवा, मग वार

माळ बघायचा असेल तर ऑगस्ट. ती जांभळट झुडपं म्हणजे हीदर, तिच्या एकूण तीन जाती, त्यातली बेल हीदर जुलैपासूनच गडद जांभळी होते आणि ऑगस्टमध्ये लिंग नावाची फिकट जांभळी फुलते, दोन्ही एकदम फुललेल्या असतात ते दोन-तीन आठवडे म्हणजे कासच्या पठाराची आठवण येते, फक्त इथे तिकीट नाही. जुनं जंगल बघायचं असेल तर ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबरची सुरुवात, बीच जातीची झाडं तांब्यासारखी होतात. मे महिन्यात सगळीकडे पोपटी पालवी आणि घोड्यांची पिल्लं. डिसेंबरमध्ये दुपारी चारला अंधार पडतो, त्यामुळे जायचं तर सकाळीच पोचा आणि दोनला परतीला लागा. उलट जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, पण त्याच्या भरवशावर उशिरा निघालात तर पोरं परत येताना कडेवर येतात, मग बसा.

१ मार्च ते ३१ जुलै या काळात एक गोष्ट पाळायची. माळावर लॅपविंग, कर्ल्यू, नाइटजार हे पक्षी चक्क जमिनीवर अंडी घालतात, घरटं म्हणजे गवतातला एक खळगा, दिसतच नाही. म्हणून मळलेली वाट सोडून झुडपात शिरायचं नाही, कुत्रा असेल तर जवळ ठेवायचा. पोरांना "इथे कुणाचं तरी बाळ झोपलंय" एवढं सांगितलं की पुरतं.

पोचायचं कसं

गाडी नसेल तर लंडन वॉटर्लूहून ब्रॉकेनहर्स्टची ट्रेन, दीड-पावणेदोन तास लागतात. स्टेशनातून बाहेर पडलं की गाव, गावाच्या एका टोकाला रस्त्यावरूनच ओढा वाहतो त्याला वॉटरस्प्लॅश म्हणतात, आणि गावात घोडे असे फिरतात जशा आपल्याकडे गाई. गावापासून बामर लॉन नावाचं नदीकाठचं मोठं हिरवं मैदान चालत जाण्याइतकं जवळ आहे. नुसतं तिथे जाऊन पाण्यात पाय सोडून, डबा खाऊन परत आलात तरी सासूबाई खूश, हे अनुभवाने सांगते.

गाडीने येणार असाल तर एम सत्तावीस मोटरवेच्या एक नंबर एक्झिटला उतरून लिंडहर्स्ट गावाकडे. उन्हाळ्यातल्या रविवारी लिंडहर्स्टच्या अरुंद रस्त्यावर ट्रॅफिक तुंबतो, पोरांना शू लागते, आणि मागच्या सीटवरून महाभारत सुरू होतं. दहाच्या आत लिंडहर्स्ट ओलांडा, एवढा एकच नियम. आतल्या बहुतेक रस्त्यांना कुंपण नाही, वेगमर्यादा ताशी ४० मैल, आणि ती खरंच पाळा, कारण घोडे, गाई, गाढवं रस्त्यावर उभे असतात आणि हॉर्नला हलत नाहीत. एक घोडा ओलांडला तर मागून दुसरा येतोच, पिल्लू आईच्या मागे धावतंच, हे गृहीत धरून चालवा.

वाट निवडताना मैल मोजू नका, थांबे मोजा

मुख्य मुद्दा हाच आहे. आमचं चार वर्षांचं पोर तासाला एक मैल चालायचं, तेसुद्धा मूड असेल तर. म्हणून मी वाट निवडताना बघते की दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबायला काय आहे, पाणी, पडलेलं झाड, हरीण, काहीही. लांबी दीड-दोन मैलांच्या वर नको. मोठ्या माणसांना वाटतं एवढंच? पण त्याला तीन तास लागतात.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे बोल्डरवूड. गाडी लावा, टॉयलेट तिथेच आहे (हे सर्वात आधी सांगायला हवं होतं), आणि तीन वाटांपैकी एक घ्या. अर्ध्या मैलाची जुबिली ग्रोव्ह, एक मैलाची डिअर वॉच आणि दोन मैलांची रॅडनर. खुणांचे खांब लावलेले आहेत, वाट खडीची आहे. डिअर वॉचवर एक लाकडी चौथरा आहे, तिथून खालच्या कुरणात फॅलो जातीची हरणं दिसतात, उन्हाळ्यात अंगावर चितळासारखे ठिपके असतात, हिवाळ्यात रंग गडद होऊन ठिपके जवळजवळ जातात. आमच्याकडे एका दिवाळीत आलेले काका म्हणाले, "हे तर पेंच झालं," आणि मग तासभर पेंचच्याच गोष्टी. चौथऱ्यावर आवाज करू नका, आणि हरणं नसतील तर नसतील, पुढे चला, त्यांचं काही आपल्याशी टायमिंग ठरलेलं नाही.

बोल्डरवूडहून त्याच रस्त्याने गाडीने खाली मुख्य रस्त्याकडे आलात की नाइटवूड ओक लागतो. कार पार्कपासून पाच मिनिटं चाललं की झालं, आजीला सहज जमतं. बुंध्याचा घेर सात मीटरच्या वर, वय पाचशे वर्षांच्या आसपास मानतात. त्याच्याकडे नीट बघा, माणसाच्या डोक्याच्या जरा वर बुंधा एकदम संपतो आणि तिथून जाड जाड फांद्या हाताच्या बोटांसारख्या फुटतात. कारण पूर्वी झाडाचा शेंडा त्या उंचीला छाटायचे, म्हणजे नवीन फांद्या जनावरांच्या तोंडाला न लागता वर वाढायच्या आणि सरपण, चारा मिळत राहायचा. पुढे आरमाराला जहाजांसाठी सरळसोट लाकूड हवं म्हणून १६९८ च्या कायद्याने ही छाटणी इथे बंद केली. त्यामुळे असं छाटलेलं म्हातारं झाड दिसलं की ते तीनशे वर्षांहून जुनं, असा सोपा हिशोब पोरांना शिकवता येतो. आमच्या मोठीने मग दिवसभर "हे तीनशेच्या वर, हे खाली" असा खेळ लावला, चालतेय हे तिच्या लक्षातच आलं नाही. इथल्या ओकपासून पुढे जहाजं झाली, बकलर्स हार्ड या जवळच्या गावात १७८१ मध्ये ॲडमिरल नेल्सनचं आवडतं जहाज ॲगामेम्नॉन बांधून पाण्यात उतरवलं, ते इथल्याच लाकडाचं.

इंग्लंडमध्ये १६०० सालापासून सलग झाडी असेल तर त्याला प्राचीन जंगल म्हणतात. इथल्या अशा जंगलात पडलेली झाडं उचलत नाहीत, तशीच कुजू देतात, त्यात किडे, बुरशी, स्टॅग बीटल नावाचा शिंगवाला भुंगा वाढतो. बघायला मस्त, बसायला पण छान. फक्त वारा जोरात असेल त्या दिवशी म्हाताऱ्या बीचखाली चटई टाकू नका, बीचची फांदी न सांगता पडते.

बाबागाडी असेल तर राइनफील्डचा टॉल ट्रीज ट्रेल घ्या, दीड मैल, सपाट, रुंद. ही झाडं प्राचीन नाहीत, १८५० च्या दशकात लावलेली डग्लस फर आणि अमेरिकेहून आणलेले दोन सिकोया, पन्नास मीटरच्या आसपास उंच. सिकोयाची साल दाबून बघायला सांगा पोरांना, स्पंजसारखी मऊ लागते, खोटं झाड वाटतं.

पाणी हवं असेल, आणि पोरांना हवंच असतं, तर ब्रॉकेनहर्स्टपासून जवळ व्हाइटफील्ड मूर किंवा पटल्स ब्रिजहून ओबर वॉटरची दीड मैलाची वाट. एकीकडे मोकळा माळ, एकीकडे झाडी, मधून घोट्याएवढा ओढा, पाण्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा. हीच आमची सगळ्यात आवडती. दोन तास ओढ्यात बांध घालण्यात जातात आणि चालायचं राहून जातं, चालू द्या.

नुसता माळ हवा असेल तर हॅचेट पाँड आणि त्यापुढचं ब्यूली हीथ (लिहिताना फ्रेंच थाटात लांबलचक लिहितात, बोलताना नुसतं ब्यूली). दुसऱ्या महायुद्धात इथे विमानतळ होता, त्याच्या सपाट पट्ट्या अजून आहेत, त्यामुळे छोटी सायकल, स्कूटर, अडखळणारे गुडघे सगळं चालतं. पण सावली शून्य आणि वारा अखंड, टोपी उडून जाते ती जातेच.

पायात काय, पिशवीत काय

आजीला साडीच नेसायची असेल तर नेसू द्या, पण खाली स्पोर्ट्स शूज आणि घोट्याच्या वर मोजे, त्यावर वाद नाही. पोरांना वेलिंग्टन बूट आणि गाडीत कोरड्या मोज्यांचे दोन जोड. बाकीच्यांना लांब पँट, मोजे पँटवर ओढून घ्या, दिसायला विचित्र दिसतं, का ते गोचिडीच्या भागात सांगते. ऑगस्टमध्येही रेनकोट घ्या, इंग्लंड आहे.

खाण्याचं म्हणाल तर सँडविचच्या फंदात पडू नका. दशम्या किंवा धपाटे, लसणाची चटणी, उकडलेली अंडी, चिवडा, आणि चहाचा थर्मास. गूळ-दाण्याचे छोटे लाडू मी वेगळ्या डबीत ठेवते, प्रत्येक थांब्याला एक, नाहीतर पोरं पहिल्याच ओंडक्यावर अख्खा डबा संपवतात. स्टोव्ह, डिस्पोजेबल बार्बेक्यू काहीही न्यायचं नाही. माळ वाळला की एक ठिणगी पुरते, आणि २०२३ मध्ये इथे उघड्यावर जाळ करायला बंदी आली, मोडली तर दंड. कणसं भाजायची हौस घरी भागवा.

फोनचं नेटवर्क मध्ये मध्ये गायब होतं, त्यामुळे मॅप आधी डाउनलोड करा, आणि शक्य असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा घ्या, ओएल २२ नंबरचा, एक सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर. आणि घरीच एक काम करून ठेवा, फोनवरून ९९९ या इमर्जन्सी नंबरला 'रजिस्टर' एवढा इंग्रजी शब्द मेसेज करा, येणाऱ्या मेसेजला हो म्हणा, म्हणजे अडचणीत कॉल लागत नसेल तर मेसेजवर मदत मागता येते.

घोडे जंगली नाहीत, कुणाचेतरी आहेत

सासूबाईंचा दुसरा प्रश्न, "ही घोडी कुणाची?" परत अचूक. पाहुण्यांना वाटतं रानटी घोडे, पण प्रत्येकाला मालक आहे. हे सगळं म्हणजे एक भलंमोठं गायरान समजा. ठरावीक घरांना, जमिनींना इथे जनावरं चारायचा जुना हक्क आहे, त्या लोकांना कॉमनर म्हणतात. त्यांच्यावर व्हर्डरर नावाचं मंडळ, त्यांचं कोर्ट लिंडहर्स्टला भरतं, आणि घोड्यावरून फिरून जनावरांवर लक्ष ठेवणारे ते ॲजिस्टर. कॉमनरने वर्षाची चराई भरली की ॲजिस्टर घोड्याच्या शेपटीचे केस विशिष्ट पद्धतीने कापतो, प्रत्येक ॲजिस्टरचा कट वेगळा. म्हणजे शेपटी हीच पावती. पोरांना शेपट्या बघायला लावा, एक पायरी, दोन पायऱ्या, डावीकडे खाच असे प्रकार दिसतात. लांबून बघायचं हं.

लांबून म्हणजे किती, तर आमच्या घरी वीस पावलं. घोडा मागच्या पायाने लाथ मारतो आणि पुढून चावतो पण, विशेषतः पिल्लू असेल तर. खायला घालायचं नाही, गाजर नाही, सफरचंद नाही, पोळी नाही, त्यालाही दंड आहे. आपल्याकडच्या माणसांना हे पटायला वेळ लागतो, गाईला घास द्यायची सवय हाताला असते. सासूबाईंना मी सांगितलं की एकदा हातून खायची सवय लागली की ते गाड्यांपाशी येतात आणि रस्त्यावर मरतात, तेव्हा त्यांनी पदरातला पोळीचा तुकडा परत डब्यात टाकला. खाताना घोडा डब्याकडे आलाच तर डबा बंद करून आपणच उठायचं, त्याला हाकलत बसायचं नाही.

सप्टेंबरनंतर गेलात तर डुकरं दिसतील, मस्त गुबगुबीत, रस्त्याच्या कडेने कुर्रकुर्र ओकची फळं खात. ही प्रथा म्हणजे पॅनेज. हिरवी ओकफळं जास्त खाल्ली तर घोड्यांना, गाईंना विषबाधा होते, डुकरांना चालतात, म्हणून निदान साठ दिवस डुकरं सोडतात, कधीपासून ते वनखातं आणि व्हर्डरर मिळून ठरवतात. एवढं सोपं, स्वच्छ काम दुसरं पाहिलं नाही मी. पिल्लांसोबत डुकरीण असेल तर मात्र वाट वाकडी करा.

त्याच दिवसांत अळंबी पण उगवतात, लाल, पिवळी, केशरी. इथे तोडू नका असं सांगितलेलं आहे, आणि डेथ कॅप नावाची जीवघेणी जातही इथे उगवते, त्यामुळे पोरांना हात लावायचा नाही एवढंच शिकवा. तोंडाला चाळा हवाच असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंपणाकडेच्या ब्लॅकबेरी आहेत.

माळावरची दलदल

आता नवऱ्याची गोष्ट. समोर कार पार्क दिसतोय, वाट मात्र वळसा घालून जातेय, मध्ये छान हिरवंगार सपाट गवत. "मी सरळ जाऊन गाडी काढतो," म्हणून साहेब निघाले. दहा पावलं ठीक, अकराव्याला डावा पाय गुडघ्यापर्यंत आत. ओढला तर पाय आला, बूट नाही आला. मग पालथं पडून, हात कोपरापर्यंत घालून बूट शोधणं, आणि काठावर दोन्ही पोरं हसून हसून लोळतायत. बूट मिळाला, पण त्या काळ्या चिखलाचा वास गाडीतून जायला दोन आठवडे लागले.

तर खूण लक्षात ठेवा. तपकिरी-जांभळ्या माळात मध्येच मखमलीसारखं हिरवंगार काही दिसलं, किंवा कापसाचे पांढरे गोंडे वाऱ्यावर डुलताना दिसले, की खाली दलदल. वाट वळसा घालते त्याला कारण असतं. ओलं लागलंच तर घोड्यांच्या पायवाटेच्या नादी लागू नका, ते पाणी प्यायला बरोबर दलदलीकडेच जातात. आलात तसे मागे फिरा.

मार्च ते ऑक्टोबर उन्हात वाटेकडेला ॲडर साप पडलेला असू शकतो, पाठीवर नागमोडी काळा पट्टा, ब्रिटनमधला एकमेव विषारी, आपल्या घोणसीच्या कुळातला. पाय आपटत चाललं की निघून जातो. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, तो हात-पाय हलू न देता ९९९.

घरी आल्यावर, आंघोळीआधी

नेच्यांच्या गर्दीत आणि उंच गवतात गोचिडी असतात, तिळाएवढ्या, कधी खसखशीएवढ्या. त्यासाठीच ते मोज्यांचं सोंग. बऱ्याचशा निरुपद्रवी असतात, पण काहींमुळे लाइम नावाचा आजार होतो. त्यामुळे घरी आल्यावर प्रत्येकाची तपासणी, गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कंबरपट्ट्याखाली, पोरांच्या केसांत आणि कानामागे. सापडली तर बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून पकडा आणि हळू सरळ वर ओढा. तेल, चुना, काडी लावून भाजणं, यातलं काहीच नको, चिडलेली गोचीड उलट पोटातलं बाहेर टाकते. मग साबणाने धुवा.

आमच्याकडे गेल्या वेळी सापडली ती पोरांना नाही, सासूबाईंना, पोटरीवर. मी घाबरून चिमटा शोधतेय तोवर त्या म्हणाल्या, "गोचीडच की गं ही, आमच्या म्हशींना ढिगाने असायच्या," आणि नखाने उपटणार तेवढ्यात मी हात धरला. निघाली नीट, डोक्यासकट. तारीख मी फोनमध्ये टाकली, कारण तीन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत, बहुधा पहिल्या महिन्याभरातच, तिथे गोल, वाढत जाणारी लाली आली किंवा ताप-अंगदुखी झाली तर जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, गोचीड चावल्याचं तारखेसकट सांगायचं असतं. महिनाभर रोज संध्याकाळी चहाच्या वेळी पोटरी बघायचा कार्यक्रम झाला, काही निघालं नाही.